ठोकेल त्याने सरळ करायचं

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे, वस्तू फेकून मारत. त्याला कारण होतं. बाबा पत्रा ठोकून ठोकून चाळिशीतच अर्धे बहिरे झाले होते, आणि तलासरीच्या हायवेला लागून असलेल्या आमच्या अंगणात सकाळपासून जो दणदणाट चाले त्यात चांगल्या कानाच्या माणसालाही काही ऐकू जाणं मुश्कील. म्हणून चहा झाला की आई चुलीपाशी बसल्या बसल्या एखादा नट उचलायची आणि बाबांच्या पाठीवर नेम धरून मारायची. नेम कधी चुकला नाही. बाबा वळायचे, चहा घ्यायचे, पुन्हा पत्र्याकडे. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे, मलाही नाही. लग्न होऊन मी दुसऱ्या घरात गेले आणि तिथं माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलतात हे पाहिलं, तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं की घरात कुणीतरी आजारी आहे आणि हे लोक मला सांगत नाहीत.

आई, काशीबाय, चिंचणीची. मासे विकणाऱ्या घरात वाढलेली, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव हिंडलेली, त्यामुळे तिचा आवाज हायवेच्या पलीकडे जायचा आणि हातही तसाच लांब होता. बाबा झरीचे, समुद्र त्यांनी लग्नाच्या वेळी पहिल्यांदा नीट पाहिला. बाबांचा धाकटा भाऊ दामूकाका आमच्यातच राहायचा, लग्न न केलेला, रागीट, पण गाडी चालवायला बसला की बघत राहावं असा. माझा मोठा भाऊ वसंता, आणि मी शेवंती. घरात मार हा भाकरीसारखा होता, रोजचा आणि सगळ्यांना सारखा. काका वसंताला मारायचा, वसंता मला मारायचा, मी वसंताला चावायची, आणि आई तिघांनाही उलथन्याने. बाबा तेवढे कुणावर हात टाकत नसत. दिवसभर मारूनच असतो, म्हणायचे, घरी कशाला. मग सगळे एका परातीभोवती बसून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण ओरपायचो. कुणाच्या गालावर बोटं उठलेली असायची, पण कालवणात आंबट कमी पडलंय यावरच जास्त भांडण व्हायचं.

शर्यतीची गाडी आमच्याकडे आली ती मेलेली म्हणूनच आली. हायवेवर एका ट्रकने मागून चेपलेली हिरवी फियाट, कुणीतरी ओढून आमच्या अंगणात आणून टाकली आणि तिचा मालक पुन्हा काही फिरकला नाही. पावसाळाभर कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. मग काकाने इंजिन उघडलं, बाबांनी पत्रा सरळ केला, आणि भाताची कापणी झाल्यावर गंजाडच्या बाजूला मोकळ्या शेतांत गाड्यांची शर्यत असते, तिथं ती न्यायची असं ठरलं. आईने तिचं नाव मैना ठेवलं. आमची टीम म्हणजे एवढीच. काका आणि पुढे वसंता चालवणारे, बाबा पत्र्याचे, मी पान्हे आणि चाकं बघणारी, आणि मालकीण म्हणून आई, जिला स्टिअरिंग कुठल्या बाजूला असतं एवढंच माहीत होतं, पण कोणी कधी, किती जोरात आणि कुणाला ठोकायचं हे तीच सांगायची.

ठोकायचंच होतं ना. ती काही नुसती पळवापळवी नव्हती. चार-पाच शेतांचे बांध मोडून, धसकटांवर पाणी मारून, रोलर फिरवून मोठं रिंगण करायचे. एका टोकाला ताडाचा बुंधा, दुसऱ्या टोकाला भाताच्या पेंढ्यांचा जुना उडवा. सहा-सात गाड्या, कुणाची काच नाही, कुणाचा दरवाजा दोरीने बांधलेला. बहुतेकांनी दरवाजे वेल्डिंग करून बंदच केलेले, खिडकीतून आत शिरायचं. पुढच्याला मागून ठोकायचं, वळणावर बाजूने ठोकायचं, सगळं चालायचं. चालत नव्हतं ते एकच, चालवणाऱ्याच्या दरवाजावर धडक मारणं. बाजूला बायका उकडहंडी लावायच्या, मातीच्या मडक्यात कंद, वालाच्या शेंगा आणि ओला मसाला, वर पालापाचोळा पेटवलेला. गाड्यांचा धूर आणि त्या मडक्यांचा धूर एकात एक. माझा भाचा हल्ली मोबाइलवर परदेशातल्या असल्या शर्यती दाखवतो, चकाचक गाड्या, अंगभर कपडे घातलेले ड्रायव्हर. मी त्याला म्हणते, बाबा, वास कुठाय?

आणि त्या शर्यतीचा एक कायदा होता, जो कुणी लिहिला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. ठोकेल त्याने सरळ करायचं. म्हणजे रविवारी ज्याने तुमची गाडी चेपवली, त्याने सोमवारी सकाळी आपली हातोडी घेऊन तुमच्या अंगणात यायचं, आपण पाडलेला पोचा आपल्या हाताने काढायचा, आणि ज्याची गाडी त्याने त्याला जेवू घालायचं. मग विषय संपला. मनात काही ठेवायचं नाही. कुणी हे सुरू केलं कुणास ठाऊक, पण त्यामुळे शेतात एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं दुसऱ्या दिवशी मांडीला मांडी लावून जेवताना मी पाहिली आहेत. आई तर सोमवारच्या पाहुण्यासाठी मुद्दाम तिखट जास्त घालायची. तेवढाच सूड.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा जेवला असेल तो किशोर. गुजरातच्या सरहद्दीपलीकडचा, वडिलांचा छोटा गॅरेजचा धंदा, निळी ॲम्बेसिडर चालवायचा. मराठी बोलायचा पण आईला मासी म्हणायचा, गुजरातीत म्हणतात तसं. त्याच्या हातोडीचा आवाज वेगळा होता. बाबा घणाघण मारणारे. हा पत्र्याच्या मागे डॉली, म्हणजे लोखंडाचा ठोकळा, धरून टिकटिक टिकटिक असं हळू मारायचा आणि पोचा नकळत भरून यायचा. मी पान्हे पुसत बसायची आणि ऐकायची. तो मला आवडायचा, या वयात लपवायचं काय त्यात. आईच्या तिखटाने त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं तरी तो पुन्हा कालवण मागायचा. वसंता म्हणायचा, हा मुद्दाम ठोकतो आपल्याला, जेवायला मिळतं म्हणून.

आता पिंजऱ्याचं सांगते. एका हंगामात मैना उलटली आणि काकाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. टप खाली बसला होता, नशीब म्हणून डोकं वाचलं. तेव्हा आईने फर्मान काढलं की आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसल्याशिवाय तिच्या घरचं कुणी त्या गाडीत बसणार नाही. आईचा धाकटा भाऊ नाथामामा तारापूरकडे एका कारखान्यात पाइपांच्या कामावर होता. जाड पाइप मी देतो, वाकवूनही मीच देतो, असं त्याने छातीवर हात मारून सांगितलं. माहेरचा माणूस आपल्या पोरांच्या डोक्यावर छत्र धरतोय म्हटल्यावर आई काय, हवेत. मी तिच्याबरोबर चिंचणीला गेले होते, सगळं डोळ्यांनी पाहिलंय. पाइप वाकवताना चेपू नये म्हणून आत वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारतात, मग कोळशावर लाल करून वाकवतात. बाबांची पद्धत अशी की वाळू ओढ्याची घ्यायची, भाजून घ्यायची, आणि काम झालं की बूच काढून ठोकून ठोकून शेवटचा कण बाहेर काढायचा. मामाचं घर किनाऱ्यावर. दाराबाहेर पाऊल टाकलं की वाळूच वाळू, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली. त्याने तिथलीच घमेल्याने भरली. आणि वाकवून झाल्यावर ती काढलीही नाही. म्हणाला, आत राहू दे, पोकळ पाइपापेक्षा भरीव पाइप दणकट. बूच तसेच ठेवून त्याने आमच्या अंगणात येऊन पिंजरा गाडीच्या तळाला वेल्डिंग केला.

बाबांनी तेव्हा तोंड उघडलं होतं. फार बोलत नसत, पण त्या दिवशी म्हणाले की समुद्राची वाळू लोखंडात ठेवू नये. आईने हातातलं उलथनं खाली ठेवलं, हे मारण्यापेक्षा वाईट असे, आणि विचारलं की माझ्या भावाने दिलेलं कधी गोड लागलंय का या घरात? बाबा पुन्हा पत्र्याकडे वळले. वाळू ती वाळू, दाजी, मामा हसून म्हणाला. दर दसऱ्याला आई त्या पिंजऱ्याला स्वतः लाल रंग देऊन, झेंडूचा हार घालून नमस्कार करायची. मैना उघड्यावर, खिडक्यांना काचा नाहीत, पावसाळाभर तिच्या तळात घोटाभर पाणी साचायचं आणि आम्ही ते डब्याने उपसायचो. असे दोन-तीन पावसाळे गेले. वरून रंग असा चकचकीत की तोंड बघून घ्यावं.

त्या रविवारी वसंता चालवत होता. पहिल्यापासून पुढे होता, आणि आई बांधावर उभी राहून घसा फुटेस्तोवर ओरडत होती की उडव त्याला, उडव. वसंताने उडव्याच्या वळणावर किशोरला आतून असं दाबलं की ॲम्बेसिडरचा पुढचा दिवा फुटून लोकांत उडाला. लोक खूश. पुढच्या फेरीला ताडाच्या बुंध्यापाशी किशोरने परतफेड केली. मैनेच्या मागच्या चाकाच्या वर, बरोबर कायद्यात, दरवाजापासून हातभर मागे. मी तिथून चाळीस पावलांवरही नव्हते. धडकेचा आवाज मोठा नव्हता. मैना आडवी घसरली, तिची चाकं मोडलेल्या बांधाच्या शिल्लक ढेकळात अडकली, आणि ती उलटली. एकदा, मग पुन्हा एकदा. असं तिने आधीही केलं होतं. आम्ही धावलो ते हसतच, वसंता आतून शिव्या देत खिडकीतून बाहेर येईल म्हणून. तो आला नाही. टप बसला होता. डोक्यावरचा पाइप वाकणाच्या जागी तुटून त्याचं टोक वसंताच्या उजव्या खांद्यात घुसलं होतं आणि दंड त्या पाइपाखाली चिरडून सीटला चिकटला होता. तो ओरडत नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, "शेवंते, हात काढ गं माझा, अडकलाय." मी आत हात घातला आणि ओढला, आणि माझ्या हातात जे आलं ते मी इथं लिहिणार नाही.

बाबांनी आणि आणखी चार जणांनी पहारीने पत्रा फाकवून त्याला काढलं आणि चिकू वाहणाऱ्या टेम्पोत घालून डहाणूकडे नेलं. मी टेम्पोत चढले नाही, मला चढू दिलं नाही. म्हणून मागे काय झालं ते मी पाहिलं. किशोर आपल्या गाडीतून उतरायच्या आत काकाने त्याला खिडकीतून केसांना धरून बाहेर ओढलं. पहिला रट्टा जॅकच्या दांड्याचा, तोंडावर. मग जो तो. ज्यांचा संबंध नाही असे लोकही लाथा घालून गेले, शर्यत बंद पडल्याचा राग असेल. आई आली. तिच्या साडीवर वसंताचं रक्त होतं. तिने लोकांना बाजूला सारलं, मला वाटलं सोडवते आहे. तिने खाली बसून त्याची कॉलर धरली आणि नुसत्या हाताने त्याला मारलं, उजवी, डावी, उजवी, डावी, मासे झोडावेत तसं, स्वतःची दमछाक होईपर्यंत. किशोर हात वर करत नव्हता. मी तिथं उभी होते आणि माझा भाऊ मरतोय म्हणून मलाही किशोर मेलेला हवा होता, आणि तो मरू नये असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. असं होतं माणसाचं.

संध्याकाळी बाबा डहाणूहून परत आले ते पैरणीवर वाळलेलं रक्त घेऊन. वसंता जगेल म्हणाले. हात खांद्यापासून काढला. मग ते भिंतीला टेकून बसले आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले की डॉक्टर विचारत होते, जखमेत एवढी वाळू कशी. काका म्हणाला, शेतात पडला, माती जाणारच. बाबा म्हणाले, माती नाही, वाळू. पण तेव्हा त्यांचं ऐकणारं कोण होतं? काका अंगणात येरझारा घालत होता आणि एकच वाक्य बोलत होता, हाताला हात. उद्या सोमवार आहे, तो आला तर ऐरणीवर त्याचा उजवा हात ठेवायचा आणि घण घालायचा. नाही आला तर त्याच्या घरी जाऊन घालायचा. आईने चूल पेटवली नव्हती. ती म्हणाली की येऊ दे. कायद्याप्रमाणे आधी पत्रा सरळ करेल, मग जेवेल, मग हात. कुणी हलायचं नाही मी सांगेपर्यंत. आणि आई बोलली की ते होतंच.

मला वाटत होतं तो येणार नाही. देवाला हात जोडून सांगत होते की त्याला येऊ देऊ नको. सकाळी भाच्याची बातमी ऐकून नाथामामा पहिल्या गाडीने आला, आईच्या गळ्यात पडून रडला आणि खाटेवर बसला. आणि थोड्याच वेळात किशोर हायवेकडून चालत आला. एकटा. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ वर सुजून नाकाला लागलेला, आणि हातात ती पिशवी, हातोडी आणि डॉलीची. नंतर कळलं की वडिलांनी त्याला घरात कोंडलं होतं आणि तो कौलं काढून निघाला होता. असा मूर्ख माणूस मी जन्मात पाहिला नाही. तो आईसमोर उभा राहिला.

"मासी, मी ठोकलं," तो म्हणाला. पुढचे दोन दात नव्हते, शब्द नीट येत नव्हते. "सरळ करायला आलो."

आईने नुसतं बोटाने मैनेकडे दाखवलं. मैना रात्रीच ओढून आणली होती, अंगणात उताणी पडली होती. आम्ही तिला चाकांवर उभी केली. काका ऐरणीशेजारी घणाच्या दांड्यावर हात ठेवून बसला. किशोरने ते पाहिलं, त्याला समजलं असणार, ऐरण आणि घण तिथं समोरच होते. त्याने काम सुरू केलं. आधी मागचा पोचा काढला, आपण पाडलेला, टिकटिक टिकटिक. तो निघाल्यावर त्याने थांबायला हरकत नव्हती, टप काही त्याने बसवला नव्हता. पण तो टपाकडे वळला. टप वर यायचा तर आधी खाली बसलेला पिंजरा बाजूला करायला हवा, म्हणून त्याने मोठी हातोडी घेतली आणि तुटलेल्या पाइपावर एक घाव घातला. लोखंडाचा आवाज आला नाही. शिळा पापड मोडावा तसा पाइप मोडला. लाल रंगाची साल तेवढी लोंबत राहिली, आणि आतून भळाभळा वाळू खाली आली. ओली, काळपट, गंजाने तांबूस झालेली, आणि तिच्यात बारीक बारीक शिंपले. त्याने पुढे आणखी एक घाव घातला, तिथंही तेच. पाइपाला आतून अंग उरलंच नव्हतं. तो आमच्याकडे वळून बघायला लागला, त्याला काही कळेना. बाबा उठून आले. त्यांनी पाइपाचा तुकडा उचलून बोटांत चुरला आणि आईपुढे धरला.

आईने तो घेतला नाही. ती पुढे झाली, खाली वाकली, चिमूटभर वाळू तळहातावर घेतली आणि जिभेच्या टोकाला लावली. मग म्हणाली, "खारट आहे." आणि मग, "ही माझ्या दारातली."

खाटेवर मामाचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने बोलायला सुरुवात केली, की असं होईल हे कुणाला ठाऊक, की भरीव पाइप दणकटच असतो, की वाळू ती वाळू, बाय. आई ऐकत होती. काका घणाच्या दांड्यावरचा हात काढून उभा राहिला आणि नजर चुकवत म्हणाला की जाऊ द्या वहिनी, चुकून झालं त्याच्याकडून, घरचा माणूस आहे. तेव्हा आईने काकाकडे असं पाहिलं की तो मागे सरला.

"काल या पोराच्या हाताचं ठरवत होतो तेव्हा चुकून झालं असेल, हे कुणाला सुचलं नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, आणि माझ्या आईला एवढ्या हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. नाथा, इकडे ये."

मामा आला. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवला होता, त्यांची आई दिवसभर बाजारात असायची. तो ऐरणीपाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने डावा हात पुढे ठेवला. आई म्हणाली, तो नाही. त्याने डावा काढून उजवा ठेवला. बाबा मध्ये पडायला गेले, तिने त्यांना कोपराने ढकललं. काकाने घण पाठीमागे लपवला होता, म्हणून तिने किशोरच्या हातातली हातोडी घेतली. किशोर म्हणाला, मासी, नको. तेवढंच म्हणाला. तिने एकदाच मारलं. बोटांच्या मुळावर. तो आवाज मला आजही कधी भाजी चिरताना ऐकू येतो, मी सुरी खाली ठेवते आणि बाहेर जाऊन उभी राहते. मामा ओरडला आणि मग तिच्याच पोटात डोकं खुपसून रडायला लागला, आणि ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, हातोडी दुसऱ्या हातात तशीच. मग मला म्हणाली, "बघत काय बसलीस? पाहुण्याला ताट वाढ."

चूल मी पेटवली. भाकरी चावता येईना म्हणून किशोरला कालवणात कुस्करून दिली. मी त्यात तिखट घातलं नव्हतं, पण मिठाने त्याचा ओठ झोंबत होता. तरी तो सगळं जेवला. नंतर महिनाभर दर रविवारी येऊन त्याने मैनेचा टप बसवला, आणि बाबांनी ओढ्याची वाळू भाजून, पाइप वाकवून, तो पालथा करून सबंध दिवस ठोकत बसून रिकामा केला. पुढच्या हंगामात त्या गाडीत मी बसले, आईनेच बसवलं. मी चार हंगाम चालवली आणि गंजाडला लोक माझ्या नावाने शिट्ट्या मारायचे. पुढे ती शेतं बागांत गेली आणि शर्यत बंद पडली. आमच्या अंगणावरून आता रुंद झालेला रस्ता जातो. वाचणाऱ्याला वाटत असेल की माझं किशोरशी लग्न झालं, नाही झालं. त्याच्या घरच्यांनी आमच्या घरातली मुलगी नको म्हटलं, आणि त्यांचंही काही चुकलं नाही. वसंता आता माझ्याच गावात राहतो, एका हाताने स्कूटर चालवतो आणि पोलिसांशी हुज्जत घालतो.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या दिवसांचं. मामाला आईने चिंचणीला जाऊ दिलं नाही. हात प्लास्टरमध्ये घालून आणला आणि आमच्याकडेच ठेवला. वसंता घरी आला तेव्हा दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. जेवायच्या वेळी आई दोघांच्या मध्ये परात घेऊन बसायची, आमटी-भाताचे घास करायची आणि एक वसंताच्या तोंडात, एक मामाच्या तोंडात. तोंडाने अखंड शिव्या, एकाला आणि दुसऱ्याला. वसंता काही दिवसांत डाव्या हाताने खायला शिकला. मामाचा डावा हात तर धडधाकटच होता. एके दिवशी त्याने तोंड फिरवलं. म्हणाला, "बाय, पुरे आता. लाज वाटते. मी डाव्याने खाईन."

आईचा घास तसाच हातात होता.

"ठोकलं कुणी?" तिने विचारलं.

मामाने आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. तिने पुन्हा विचारलं.

"तू," तो म्हणाला.

"मग गप आ कर."